आप्पांची सीट आणि लाल दिवा

"काढू नका! ओ उस्ताद, पाना खाली ठेवा आधी! सीट काढायची न्हाई म्हंजे न्हाई!"

आप्पा माझ्या दुकानाच्या दारात उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की लातूर फाट्यावर थांबलेल्या ट्रॅव्हल्समधले झोपलेले लोक आपला गाव आला समजून बॅगा घेऊन खाली उतरले. मी आप्पांच्या गाडीत अर्धा आत, अर्धा बाहेर आडवा पडलेलो. पुढच्या सीटच्या पहिल्या बोल्टला नुकताच पाना लावला होता.

"काढल्याबिगर दुरुस्त कशी करू आप्पा?"

"ते तुमचं तुम्ही बघा. परवा लातूरला पक्षाच्या मुलाखती हायत. तिकिटाचं ठरून राहिलंय. आन तुम्ही भर चौकात माझी सीट काढता? कुनी बघितलं तर?"

नांदेडात माझं कुशनचं दुकान आहे. गाडीच्या सीटा काढणं, त्यांचा फोम भरणं, रेक्झिन चढवणं आणि सीट परत जागेवर बसवणं, यात माझं आयुष्य गेलं. माणसाचा चेहरा मी फारसा बघत नाही. माणूस जिथे बसतो ती जागा बघितली की मला त्याची जात सोडून सगळं कळतं. आप्पांची जागा डाव्या बाजूला खचलेली होती. म्हणजे माणूस कायम खिडकीकडे कलून बसणारा, नमस्कार घेणारा.

आप्पा कंधारकडचे मोठे आडत व्यापारी. कपाळावर विभूती. एरवी तीन बोटं लावायचे, निवडणूक आली की अख्खा पंजा. जिल्हा परिषदेचं तिकीट त्यांना दरवेळी मिळता मिळता राहायचं. यंदा मात्र मिळणारच, आणि मिळालं की निवडून येणारच, आणि आले की अध्यक्ष होणारच, असं त्यांचं सगळं ठरलेलं. त्यांच्यासोबत बालाजी नावाचा कार्यकर्ता असायचा. आप्पा जे बोलतील त्याचा शेवटचा शब्द पुन्हा उच्चारायचा, एवढंच त्याचं काम. आणि गाडी चालवायला माधव. माधव बोलायचा नाही. डायव्हर माणसाला बोलायला तोंड असतं हे आप्पांना बहुतेक ठाऊकच नव्हतं.

तर बिघाड असा होता. पुढची डावीकडची सीट, म्हणजे मालकाची, सरकून पार पुढे गेली होती आणि तिथेच अडकली होती. आप्पांचे गुडघे हनुवटीला आणि पोट समोरच्या फळीला. कंधारपासून नांदेडपर्यंत ते असे आले होते. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या पोटाचा धक्का बसून रेडिओचं स्टेशन बदलत होतं, हे मला माधवनं नंतर सांगितलं. मी ते खरं मानतो.

आता सीट काढायला आप्पांची बंदी. मी म्हणालो, "बरं, काढत न्हाई. फकस्त बाहेर आनतो."

"बाहेर?" आप्पा दचकले. "मला पक्षाबाहेर काढता का?"

"मग मोकळी करतो."

"मोकळी झाली की दुसरा बसंल ना तिच्यावर!"

"उचलतो म्हनू का?"

"विरोधकानं उचलली तर?"

हे असं. मराठी भाषेत सीटबद्दल बोलायला एक शब्द शिल्लक ठेवला नाही या लोकांनी. गाडीतली सीट आणि निवडणुकीतली सीट यात फरक आहे हे मी समजावायला गेलो, तर आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच येडा. शेवटी म्हणालो, "आप्पा, मी तुमची सीट बसवतो. पक्की."

"हा! हे बोललात. बसवा!"

"बसवा," बालाजी म्हणाला.

आणि मग मी आप्पांची सीट बसवण्यासाठी काढायला घेतली.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटारीची पुढची सीट म्हणजे खुर्ची नव्हे. ती दोन लोखंडी रुळांवर उभी असते. पुढे दोन बोल्ट, मागे दोन. बोल्ट सोडले, सीट उचलली, झालं, असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल घरी करावं. हिमायतनगरच्या एका रस्त्याची कंत्राटं घेणाऱ्या गुत्तेदारानं केलं होतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून पुढच्या दोन्ही सीटा काढल्या, स्वतः डब्यावर बसून लोखंडी कपाट नेलं, आणि सीटा परत बसवल्या. दोन बोल्ट उरले. त्याची अक्कल बघा: म्हणाला, कंपनीनं जास्तीचे दिले असतील. आपल्या सीटचे पुढचे दोन न लावता गाडी चढावर घातली आणि गुत्तेदार सीटसकट मागे उताणा. गाडी पुढे चालली, हा छताकडे बघतो. मागे बसलेल्या बायकोच्या मांडीवर त्याचं डोकं. ती म्हणे, "आवं, इथं झोपला तुम्ही, मग गाडी कोन चालवून राहिलंय?" गाडी बांधाला टेकून थांबली म्हणून हे सांगायला दोघं उरली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला तो मला शिकवायला. "उस्ताद, हे बोल्ट चांगल्या लोखंडाचे न्हाईत."

कंधारच्या दुसऱ्या एका शहाण्यानं चारही बोल्ट लावले, पण एक रूळ एका खाचेत आणि दुसरा पुढच्या खाचेत. सीट तिरपी. तो माणूस वर्षभर तिरपा बसून गाडी चालवत होता. मान उजवीकडे राहिली ती राहिलीच. घरी बायकोला संशय, की हा सारखा शेजारच्या खिडकीकडे कामून बघतो. संसार मोडायला आला होता. मी दोन्ही रूळ एका खाचेत आणले आणि दोघांना परत नांदायला लावलं.

माझी रीत साधी आहे. चारही बोल्ट आधी हातानं, बोटानं फिरवून लावायचे. एकालाही पाना लावायचा नाही. चारही आपापल्या भोकात सुखानं उतरले की मग सीटवर बसून मागेपुढे सरकवायची, दोन्ही बाजूंनी एकदम 'खट्' आवाज यायला पाहिजे. एक खट् आधी, एक नंतर, असं झालं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि मगच पाना. पण लोकांना पाना बघितला की राहवत नाही. पहिलाच बोल्ट जीव खाऊन आवळतात आणि चौथा लागत नाही म्हणून हातोडा मागतात.

आप्पांची सीट बाहेर आली. रुळात काय अडकलं होतं? खोबऱ्याचे तुकडे, सुपारी, भाषणाच्या माइकचा सेल, एक अख्खा प्रचाराचा बिल्ला, आणि सोयाबीनचे दाणे तर इतके की दोन कोंब आले होते. याचं मला काही नवल नाही. इस्लापूरच्या एका जीपच्या सीटखाली मला कोंबडी अंड्यावर बसलेली सापडली होती. तिला उठवली नाही. पिल्लं निघेपर्यंत जीप दुकानातच ठेवली, आणि मालकाला सांगितलं फोम मुंबईहून यायचाय.

मी रूळ घासत होतो. सीटच्या खाली एक पिवळी तारेची जोडणी असते, तिला आम्ही कपलर म्हणतो. सीट काढण्याआधी बॅटरीची तार सोडायची, मग हे कपलर काढायचं. सीट बसवली की आधी कपलर जोडायचं, मग बॅटरी. मधल्या वेळात गाडीच्या चावीला हात लावायचा नाही. का, तर त्या पिवळ्या तारेचा संबंध फुग्याशी असतो. गाडी आदळली की समोरून जो फुगा फुटून बाहेर येतो आणि माणसाला झेलतो, त्याच्याशी. तार सुटलेली असताना चावी दिली की गाडीला कळतं, काहीतरी बिघडलंय. ती रुसते आणि मीटरमध्ये लाल दिवा लावून बसते. नंतर तार जोडली तरी रुसवा जात नाही. तो काढायला इलेक्ट्रिशियनचं स्कॅनर लागतं. आणि जोवर तो दिवा लागलेला आहे तोवर फुगा फुटेल की नाही याची गॅरंटी कुणीच देत नाही.

हे सगळं मी बालाजीला सांगितलं होतं. म्हणालो, चावीला हात लावू नको. त्यानं "लावू नको" असा माझाही शेवटचा शब्द उच्चारला. मी हात धुवायला गेलो, तेवढ्यात आप्पांना उकडलं. बालाजीनं बॅटरीची तार जोडली, चावी फिरवली आणि गार हवा सुरू केली. ज्या गाडीत पुढची सीटच नाही, त्या गाडीत आप्पा मागे बसून गार हवा खात होते!

मी येऊन बोंबलेपर्यंत व्हायचं ते झालं. मी सीट बसवली. खट् एकदम. कपलर जोडलं. आप्पांना बसवलं. पाय लांब झाले, पोट मोकळं झालं. चावी दिली. मीटरमध्ये लाल दिवा.

"हे काय?" आप्पा वाकून बघायला लागले.

ते चित्र तुम्ही बघितलं असेल. एक माणूस बसलेला, आणि त्याच्या समोर एक मोठा गोल. मी सांगायला तोंड उघडलं, पण आप्पांचा हात वर गेला.

"थांबा. बालाजी, बघ रे. मानूस बसलाय."

"बसलाय."

"कशावर बसलाय? खुर्चीवर. पुढं काय हाय?"

बालाजीचे डोळे मोठे झाले. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःचा शब्द बोलला. "हार! आप्पा, सत्काराचा हार! आन लाल! आप्पा, लाल दिवा लागला!"

आप्पांच्या डोळ्यात पाणी. सीट बसवल्याबरोबर लाल दिवा! मी म्हणालो, "आप्पा, हा बिघाडाचा दिवा हाय. सरकारनं तर गाड्यांवरचे लाल दिवे कधीच काढून टाकले."

"वरचे काढले," आप्पा म्हणाले. "आतला तर ऱ्हाऊ द्या!"

मी स्कॅनरवाल्याला बोलावलं. शेजारचाच इलेक्ट्रिशियन. आप्पांनी त्याला दारातूनच परतवून लावलं. "निकाल लागेस्तोवर या दिव्याला हात लावायचा न्हाई. खबरदार जो कुनी नाट लावंल." मी म्हणालो, फुगा उघडणार नाही. ते म्हणाले, आमच्या घराण्यात कुणी फुग्यावर जगलं नाही. मी म्हणालो, निदान पट्टा तरी लावत जा. ते म्हणाले, पांढऱ्या कपड्याला घडी पडते. पट्ट्याच्या खाचेत त्यांनी खोटी क्लिप खोचून ठेवलेली, गाडीनं ओरडू नये म्हणून. मोठमोठ्या माणसांच्या गाड्या मी बघितल्यात. गाडी बोलते ते बंद करायला सगळ्यांकडे क्लिप असते. काहींनी तर फुग्याच्या झाकणावरच देव चिकटवलेले असतात. म्हणजे गाडी आदळली की आधी देव तोंडावर येणार.

आप्पा आणि बालाजी समोरच्या हॉटेलात चहाला गेले. कार्यकर्त्यांचा चहा म्हणजे किती वेळ चालेल सांगता येत नाही. तेव्हा माधव माझ्याजवळ आला. मला वाटलं होतं तो मुका आहे.

"उस्ताद," तो म्हणाला, "दिवा दोघांचा हाय ना? का फकस्त आप्पाचा?"

"दोघांचा."

"म्हंजे माझाबी फुगा उघडंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

"न्हाई सांगता येत."

"लातूरचा रस्ता लई खराब हाय, उस्ताद. ऊस चालू हाय. ट्रॉल्या कशाबी वळतात." त्यानं हॉटेलाकडे एकदा बघून घेतलं. "फुगे चालू करून टाका. मी बघतो आप्पाचं."

आता माझा धंदा सीटचा. फुगा हा काही माझा विषय नाही. पण गाडी माझ्या दारातून जाणार, सीट मी बसवलेली, आणि ज्याला मरायची हौस नाही तोच नेमका स्टिअरिंगवर. इलेक्ट्रिशियनला मागच्या दारानं घेतला. त्यानं स्कॅनर लावलं, गाडीचा रुसवा काढला, दिवा विझला. फुगे शाबूत.

राहिला आप्पांचा लाल दिवा. मी काळं रेक्झिन घेतलं. कुशनवाल्याचा हात आहे हा. ब्लेडनं त्यात माणूस कोरला. मूळ चित्रातला माणूस हडकुळा होता, मी आप्पांएवढा केला. खुर्चीला पाठ उंच दिली. गोलाच्या खाली दोन झिरमिळ्या काढल्या, म्हणजे हारच वाटावा. मागे एक बारका लाल बल्ब. आणि हे सगळं आप्पांच्या बाजूला, हवेच्या जाळीखाली बसवलं. फुग्याच्या झाकणापासून चांगलं लांब. बल्बचं बटण माधवच्या उजव्या गुडघ्यापाशी, कुणाला दिसणार नाही असं.

आप्पा आले. मीटरमध्ये दिवा नाही बघून ते माझ्यावर धावून आले. मी म्हणालो, "आप्पा, दिवा मालकाचा. तो डायव्हरसमोर कामून लागावा? तुमच्यासमोर आनून बसवला."

आप्पांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. एवढा मान त्यांना पक्षात कुणी दिला नसेल.

"पन लागत न्हाई की," बालाजी म्हणाला.

"पट्टा लावल्याबिगर लागत न्हाई. कायदाच तसा हाय. मोठ्या मोठ्यांच्या गाडीत तसंच असतं."

आप्पांनी क्लिप उपटून बाहेर फेकली. पट्टा ओढला, पोटावरून घेतला, खाचेत घातला. खट्. माधवचा गुडघा जरासा हलला. दिवा लागला. आप्पांनी त्याला हात जोडले. बालाजीनं कुठून तरी कुंकू आणलं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी ते लातूरला निघाले. लोह्याच्या पुढे उसाची ट्रॉली हात न दाखवता वळली. माधवनं ब्रेक दाबला, गाडी बाजूला घेतली आणि ती कडुलिंबाच्या झाडावर गेली. दोन्ही फुगे फुटले. इंजिनाचा चुराडा, पुढची काच गेली, झाडाची साल गेली. तिघांना खरचटलंसुद्धा नाही म्हणता येईल. बालाजी मागच्या दोन सीटांच्या मधल्या खाचेत मावला होता, त्याला ओढून काढायला वेळ लागला तेवढाच.

आणि सीट? नाव घ्यायलासुद्धा मला भरून येतं. इंचभर हलली नव्हती. मी नंतर जाऊन स्वतः पाना लावून बघितलं. चारही बोल्ट जसे मी लावले तसे. त्या गाडीत आता भंगारात घालायच्या लायकीचं नाही असं तेवढंच काय ते उरलं होतं.

फुगा फुटला की त्यातून पांढरी पावडर उडते. आप्पांच्या तोंडावर, डोक्यावर, मिशीवर, सदऱ्यावर सगळीकडे ती. तोंड धुवायला थांबले असते तर मुलाखत गेली असती, म्हणून मागून येणाऱ्या टेम्पोत बसून तसेच लातूरला गेले. निरीक्षक मंडळी टेबलामागे बसलेली. दारातून आप्पा आले, नखशिखांत पांढरे, डोळे तारवटलेले, शब्द फुटेना. कपाळावरची विभूती कुठे संपते आणि बाकीचं कुठे सुरू होतं, कळेना. निरीक्षकांतले वडीलधारे उठून उभे राहिले म्हणतात. त्यांना वाटलं, आप्पा अंगभर भस्म लावून संसारातून उठले. एकानं पायावर डोकं ठेवलं. दुसऱ्यानं यादीतून नाव खोडलं. विरक्त माणसाला राजकारणात ओढायचं पाप कोण घेईल? तिकीट आप्पांच्या चुलतभावाला गेलं.

त्यानंतर आप्पा माझ्या दुकानात आले ते माझा जीव घ्यायला. हातात माझा रेक्झिनचा माणूस. फुग्याच्या दणक्यानं त्याची मुंडी उडाली होती. माझ्या हातचं एवढं बारीक काम पुन्हा झालं नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

"खोटा दिवा!" आप्पा ओरडले. "विम्याचा मानूस म्हनाला, खरा दिवा लागलेला असता तर फुगा फुटला नसता! म्हंजे तुम्ही माझा दिवा इझवला!"

"आप्पा, तुम्ही जिवंत हाव."

"तिकीट कुठं हाय माझं?"

मरणाच्या दारातून परत आलेला माणूस दारात चप्पल राहिली म्हणून भांडत होता. मी म्हणालो, "फुगा नसता तर सीट आपोआप खाली झाली असती आप्पा. पोटनिवडणूकसुद्धा लागली नसती, तिकिटाच्या आधीच सगळं आटपलं असतं." बालाजीला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात घातलं.

आप्पा मग माधवकडे वळले. तो दाराशी उभा होता, कपाळाला एक बारकी पट्टी. "तुला ठाव होतं?"

"हाव."

"बटन कुनापाशी होतं?"

"माझ्यापाशी."

आप्पा त्याच्या अगदी जवळ गेले. आमच्याकडे राजकारणात माणसाला विचारायचा सगळ्यात मोठा प्रश्न एकच असतो. त्याचं उत्तर चुकलं की गाव सुटतं, आणि बरोबर आलं तर गाडी मिळते. आप्पांनी तो विचारला. एकेक शब्द दाबून.

"तू कुनाचा मानूस हाईस रे?"

"बायकोचा," माधव म्हणाला.